फोटो बघायचा तर फॉर्म भरा

भूकंपानंतर लातुरात मी पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो, तेव्हा शेडला दारही नव्हतं. ज्याला शिकायचं तो येऊन बसायचा. पुढं क्लास मोठा झाला, वेबसाइट आली आणि संचालकांनी आम्हा शिक्षकांच्या हातात नंबरांच्या याद्या दिल्या. वेबसाइट बघणाऱ्याला फोन करायचा, शेवटच्या तीनच जागा उरल्यात म्हणायचं आणि फी भरायला लावायची. जागा कधीच तीन नव्हत्या.

एकदा यादीत भोकरचा एकच नंबर अकरा वेळा आला. "हा गळाला लागलाय, आजच फोन करा," संचालक म्हणाले. मी तीन जागांचं खोटं धडाधड बोलून टाकलं. पलीकडचे गृहस्थ पिठाच्या गिरणीवाले निघाले.

"सर, माझी पोरगी तुमच्याकडंच शिकली की. मेडिकलला गेली. तिचा फोटो हाय तुमच्या वेबसाइटवर. गिऱ्हाइकांना दाखवायला उघडलं की दर वेळी नाव-नंबर मागतंय, म्हणून भरतो." मग म्हणाले, "तुम्ही सोता फोन केला, लई बरं वाटलं."

माझं डोकं सणकलं. ज्याच्या पोरीच्या फोटोवर आम्ही धंदा करत होतो, त्यालाच तो फोटो बघायला फॉर्म भरायला लावत होतो. संचालकांना मी हे तोंडावर सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यादीवरची नजर न काढता विचारलं, "तिला धाकटा भाऊ आहे का?"