प्रिंटरच्या तोंडात अडकलेला फोटो

आमच्याकडे माणूस गेलं की पहिला फोन नातेवाइकांना जातो आणि दुसरा फ्लेक्सवाल्याला. दहाव्याच्या आत चौकात फोटो लागलाच पाहिजे. फ्लेक्सच्या खालच्या पट्टीत श्रद्धांजली वाहणारे असतात. ते गॉगल लावून येतात आणि त्यांचे फोटो अगदी ताजे असतात. गेलेल्या माणसाचा फोटो मात्र ऐन वेळी सापडत नाही. मग आधार कार्ड बाहेर निघतं.

शेजारच्या काकूंचं असंच झालं. आधारवरचा नखाएवढा फोटो ओढून ताणून दरवाजाएवढा केलेला. घाटावरचा विधी उरकून परत येताना माझ्या सासूबाई, म्हणजे ज्यांना मी आत्या म्हणते त्या, चौकात थांबल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी फ्लेक्स नीट बघितला आणि म्हणाल्या, "हिला काय कोंबडी चोरताना धरली व्हती का?"

घरी पाय धुवायच्या आत हुकूम सुटला. "मास्तरीण, माझा फोटू आत्ताच काढून ठेव. मी मेल्यावर तुमी माझं असलंच सोंग करणार."

मी माध्यमिक शाळेत शिकवते, म्हणून घरात मी मास्तरीण. नवरा शेती बघतो. आईच्या मरणाचा विषय निघाला की त्याला गोठ्यातलं काम आठवतं. तो उठलाच. "आई, असलं काय बोलती गं."

"तू मागनं रड काय रडायचं ते. आदी फोटू."

नवा फोटो काढून पाहिला. मोबाइल समोर धरला की आत्या अशा ताठ होतात की पंचनामा चाललाय असं वाटावं. त्यांच्या मनात खरं तर एकच फोटो होता. नणंदेच्या मुलीच्या लग्नातला, आणे गावातल्या मांडवातला. तेव्हा सासरे हयात होते. आत्या हिरव्या नऊवारीत, पदर जागेवर, आणि चेहऱ्यावर भाव असा की हे लग्न मीच लावलंय. फोटो माझ्या मुलाने कॉलेजात असताना घेतलेल्या कॅमेऱ्यावर काढला होता. पुढे तो कॅमेरा वारला, अर्थात फ्लेक्स न लागता. त्याचं मेमरी कार्ड माझ्या सेफ्टीपिनांच्या डबीत होतं, कारण मी वस्तू जागेवर ठेवते. या घरात ही खोड फक्त मला आहे.

मुलगा आता पुण्यात कॉम्प्युटरवाला मोठा साहेब झालाय. त्याला फोन केला. माझ्या लॅपटॉपला कार्ड घालायची खाच नाही. बारीक होण्याच्या नादात ती गेली. पण प्रश्नपत्रिका छापायला मी जो प्रिंटर घेतला त्याला आहे. तो प्रिंटर मुलानेच वाय-फायवर बसवून दिलाय.

"कार्ड प्रिंटरमध्ये घाल, नेटवर्कवरून लॅपटॉपमध्ये उघडेल. दोन मिनिटांचं काम आहे, आई."

दोन मिनिटांचं काम असं कोणी म्हटलं की मी आधी भाकरी करून घेते. तशी घेतली आणि मग कार्ड घातलं. लॅपटॉपला प्रिंटर दिसत होता, सांगितलेलं छापतही होता. कार्ड तेवढं दिसत नव्हतं.

"राउटर बंद करून चालू कर," मुलगा म्हणाला. केला. "आता प्रिंटर." तोही केला. "आता लॅपटॉप." आमचा वायरमन विजेच्या डीपीवर चढून हेच करतो. त्याच्या शिक्षणाला एवढा खर्च आला नव्हता.

"बरं, वायरने जोडून बघ."

प्रिंटरबरोबर आलेली वायर शोधली. ती गोठ्याच्या फाटकाला बांधलेली निघाली. नवऱ्याचं म्हणणं, घरात पडून होती आणि लई मजबूत आहे. मी ओढून पाहिली. खरंच मजबूत आहे. सुटेना.

मग पुन्हा नेटवर्क. मुलाला शोध लागला की कार्ड सगळ्यांना दाखवायची परवानगी प्रिंटरमध्येच बंद आहे. ती कोणी बंद केली, हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं. बसवणाऱ्याने. परवानगी चालू केली तर लॅपटॉप म्हणाला, हा प्रिंटर जुन्या पद्धतीने बोलतो, त्याच्याशी मी बोलणार नाही. आमच्या भावकीत असं चालतं हे मला माहीत होतं. यंत्रांतही चालतं हे नव्यानं कळलं. मुलाने फोनवर एकेका चौकोनात टिक करायला लावून दोघांचा समझोता घडवला.

आत्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. "काय म्हंतुया तुझा इंजिनेर?"

"नेटवर्कमध्ये अडलंय म्हणतो."

"मंग गच्चीवर न्या की त्याला. तिथं रेंज असती."

समझोत्यानंतर फोल्डर दिसलं. उघडलं. लॅपटॉप म्हणाला, कार्ड घाला.

"अरे, प्रिंटरच्या त्या छोट्या पडद्यावरही मघापासून 'कार्ड नाही' असंच येतंय," मी म्हटलं. "आणि कार्ड आत बसत नाही. थोडं बाहेरच राहतं."

"ते तसंच असतं, आई. प्रॉब्लेम नेटवर्कचा आहे."

शाळेत मुलं असंच करतात. उत्तर आधी ठरवतात आणि मग गणित वाचतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा निकाल आला. खाच खराब झाली असणार. पुढच्या महिन्यात येताना तो कार्ड वाचायचं वेगळं यंत्र आणेल. फोन स्पीकरवर होता. "आजी, एवढी काय घाई आहे?"

"घाई मला न्हाई रं," आत्या म्हणाल्या. "पण मला इचारून कोन नेनार हाय?"

यावर साहेबांना मीटिंग आठवली. माझ्या हाताला काम लागतं. नवऱ्याची बॅटरी घेतली, भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि प्रिंटरपुढे गुडघे टेकले. खाचेत उजेड टाकला तर आत काहीतरी लाल. चिमट्याने ओढलं. तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला. त्याच्यामागे आणखी एक, आणि तळाशी झेंडूची वाळकी पाकळी.

दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टर, मोटार, विळे, कोयते आणि माझा प्रिंटर, सगळ्यांची पूजा होते. ती आत्या करतात. बाकीच्यांच्या डोक्यावर अक्षता पडतात. मी वळून बघितलं.

"काय बघती? त्याचं तोंड उघडं व्हतं," आत्या म्हणाल्या, "म्हणून दोन दाणे घातले. सनावाराला उपाशी ठेवायचं का?"

कार्ड पुन्हा घातलं. टक्‌ असा आवाज आला, हिरवा दिवा लागला, आणि प्रिंटरच्या त्याच छोट्या पडद्यावर आण्याचा मांडव उघडला. बाण दाबत पुढे गेले. आत्या आल्या. प्रिंटर विचारत होता, छापू? मी म्हटलं छाप. लॅपटॉप बंद होता. नेटवर्क लागलंच नाही. मुलाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "हां, असं डायरेक्टही होतं."

फोटोच्या कडेला सासऱ्यांचं कोपर आलं होतं. ते कापता येईल, असंही मुलाने सुचवलं.

"राहू दे," आत्या म्हणाल्या. "जल्मभर मधीच येत व्हते."

नवऱ्याने जुन्नरला जाऊन फोटो मढवून आणला. मी तो कपाटात ठेवणार होते. पण बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी एक खिळा रिकामा होता, आणि आमच्या नवरोबांना रिकामा खिळा बघवत नाही.

पुढच्याच आठवड्यात आण्याकडचे एक लांबचे पाहुणे पत्रिका द्यायला आले. बसता बसता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. टोपी काढली, हात जोडले.

"कधी झालं वो हे? आमाला कळीवलं न्हाई?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्यांनी मला डोळे वटारले. मी तोंड मिटलं. या घरात राहायचं असेल तर कधी मिटायचं हे कळावं लागतं.

"लई मोठ्या मनाची बाई," पाहुणे फोटोकडे बघत म्हणाले. "कुनाला उपाशी जाऊ दिलं न्हाई." मग टोपी डोक्यावर चढवली. "जीभ तेवढी तिखट."

पडदा बाजूला करून आत्या चहा घेऊन बाहेर आल्या.

"घ्या पावणं. लई तिखट झाला आसंल तर सांगा."

बशी फुटली, पाहुणे वाचले.

फोटो आता मी कपाटात ठेवते म्हटलं, तर आत्या भिंतीला हात लावू देत नाहीत. ज्या कामासाठी तो फोटो हवा होता, त्याची आता त्यांना काही घाई दिसत नाही. लांबचा कोणी यायचा असला की त्या आधीच आत जाऊन दाराआड कान देऊन बसतात. मी चहा जरा उशिरा टाकते.