साडेसहाशेचा चष्मा

पहिला खडा दाताखाली आला तेव्हा मी तांदळाला शिव्या दिल्या. दुसरा आला तेव्हा गिरणीवाल्याला. तिसऱ्या खड्यानं दाढेचा टवका उडाला, तेव्हा मात्र दोष डोळ्यांचा आहे हे कबूल करावं लागलं. तांदूळ आमच्याच वावरातला, मळवली स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवरचा. पूर्वी तो बायको निवडायची. दोन वर्षांपूर्वी ती पोटाच्या दुखण्यानं तीन आठवड्यांत गेली, आणि सूप माझ्या मांडीवर आलं. चष्म्याच्या काचांवर चरे पडले होते, जवळचा आणि लांबचा दोन्ही नंबर बदलले होते. नवा चष्मा करणं भाग होतं.

माझा स्वभाव चिकट. लोक तोंडावर काटकसरी म्हणतात, मागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. आंबीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. आलेला नग मापात बसला तर ठेवायचा, नाही बसला तर परत पाठवायचा. नोकरी संपली तरी सवय काही गेली नाही. भाजीवाली, रिक्षावाला, डॉक्टर, सगळ्यांना मी त्याच नजरेनं तपासतो. चष्म्याचं माझं माप तर पक्कं होतं. फ्रेम आणि काचा मिळून साडेसहाशे रुपये. चार वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या बाजारात मी तेवढ्यात उणे सातच्या काचा बसवून घेतल्या होत्या, त्याही पातळ. महागाई धरून फार तर आठशे. त्यावर एक रुपया मागणारा माणूस चोर, असं ठरवून मी घराबाहेर पडलो.

तर मावळात चोरच चोर निघाले. कामशेतला एकवीसशे सांगितले. तळेगावात काचेच्या दाराच्या, गारेगार दुकानात नेऊन बसवलं, डोळे फुकट तपासले, पाणी विचारलं आणि चौतीसशे सांगितले. त्यावर दुसरा चष्मा मोफत. मी म्हणालो, "दुसरा मोफत नको, पहिलाच निम्म्यात द्या." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तसं नसतं." मी तिला विचारलं, मला डोळे किती आहेत. ती बिचारी हसली, पण भाव काही उतरला नाही. घरी येताना मला वाटलं, आपण एवढं तणतणायला नको होतं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मुलगी पुण्यात असते. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, ऑनलाइन मागवा, घरबसल्या येतो." फोनच्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो आणि त्याच्यावर हवी ती फ्रेम बसवून बघता येते म्हणे. मी एक रविवार त्यात घातला. शेवटी फोननं दोन्ही बुबुळांमधलं अंतर विचारलं. मी पट्टी घेऊन आरशासमोर उभा राहिलो. चष्मा लावला की पट्टी डोळ्यांजवळ जाईना, काढला की आरसा दिसेना. मुलीला सांगितलं, ते पुण्याच्या लोकांसाठी आहे.

मग लोणावळा. शनिवारी गेलो हीच चूक झाली. भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांची रांग बाजारापर्यंत आली होती आणि नव्या दुकानात पोरंपोरी काळे गॉगल लावून एकमेकांचे फोटो काढत होती. मालकानं सव्वीसशे सांगितले. मी म्हणालो, "मी फिरायला आलेलो न्हाई, हितलाच हाय." तो म्हणाला, "काका, काचेला कुठं कळतं कोण कुठला?" उत्तर चांगलं होतं, म्हणून जास्तच राग आला.

ज्या दुकानात मी साडेसहाशेत चष्मा केला होता, ते तिथून चार दुकानं सोडून होतं. एक म्हातारे मुसलमान गृहस्थ ते चालवतात, वडिलांपासूनचं आहे. तिथं सरळ जायचं सोडून मी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूनं चालत स्टेशनवर आलो. तिथं मी नेहमी बायकोबरोबरच गेलो होतो. आत शिरलो की ते विचारणार, वहिनी कुठं आहेत, आणि मला सांगावं लागणार. दोन वर्षांत हे वाक्य मी पुष्कळदा बोललो होतो, पण तिथं बोलायची माझी छाती होत नव्हती.

जाड नंबरवाल्यांची एक अडचण बाकीच्यांना कळत नाही. नवी फ्रेम घालून बघायची तर जुना चष्मा काढावा लागतो. नव्या फ्रेमला काच नसते. मग आरशात दिसतं काय? एक तपकिरी ढग, त्याच्यावर दोन काळे डाग. आपल्याला फ्रेम शोभते की नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं आणि मान डोलवायची. माझ्यासाठी ती बघायची. मी स्टुलावर आंधळ्यासारखा बसलेला, ती समोर कमरेवर हात ठेवून. "ह्यो नगं, तोंड लांबुडकं दिसतंय." "ह्यो तर नगंच, सावकार दिसतायसा." पाच फ्रेमा नापास व्हायच्या. मग एकीला ती काड्या कानांमागं नीट बसवायची. आणि म्हणायची, "हां. ह्यो बरा." ते 'बरा' ऐकलं की मला आपण तरणेबांड झाल्यासारखं वाटायचं. चेहरा मला दिसत नसायचा, पण तिच्या आवाजात तो दिसायचा.

फ्रेम ठरली की भाव करायला मी पुढे व्हायचो. मालक हजार-बाराशे सांगायचे. मी उठायचो. ते बसा म्हणायचे. मी दारापर्यंत जायचो. ती मध्ये पडायची, "जाऊ द्या वो, दुसरीकडं बघू." मालक कपाळाला हात लावायचे आणि साडेसहाशेवर यायचे. बाहेर पडल्यावर आम्ही स्टेशनाजवळ चहा आणि भजी घ्यायचो. ती म्हणायची, "तुमच्यापुढं कुनाचं चालायचं न्हाई." मला मूठभर मांस चढायचं. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली असेल की लोकांना पाठ झाली होती. दोघातिघांना मी त्या दुकानात पाठवलंही. ते दीड-दोन हजार देऊन आले, आणि तुम्हाला भाव करता येत नाही म्हणून मी त्यांची चेष्टा केली.

शेवटी चष्म्याची काडीच बिजागरीतून निखळली. दोऱ्यानं बांधून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, बाजार रिकामा असताना, मी त्या दुकानाची पायरी चढलो.

मालक आता बरेच वाकले होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसलं. "या भाऊ, बऱ्याच दिवसांनी." मग माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. काही विचारलं नाही. डोळे तपासले, नंबर लिहिला, काडीचा दोरा पुन्हा घट्ट बांधून दिला. मी घाईघाईनं म्हणालो, "फ्रेम कुठलीबी चालेल. मागल्यासारख्या काचा. किती?"

"आता अठराशे होतील, भाऊ."

इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, कामशेतवाला परका, तळेगाववाला परका, पण तुम्हीसुद्धा? मागच्या खेपेला साडेसहाशे घेतले आणि आता तिप्पट? दुकानासमोरून जाणारी एक बाई थांबून बघायला लागली, इतका माझा आवाज चढला. मालक शांतपणे म्हणाले, "वहिनींना येऊ द्या, मग बघू आपण."

"ती न्हाई आता," मी म्हणालो. "दोन वर्सं झाली."

ते खाली बसले. बराच वेळ हातातल्या फ्रेमची काडी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "द्या साडेसहाशे."

इथं माझ्यातला तपासणीवाला जागा झाला. आयुष्यभर भाव केलेल्या माणसाला एवढं कळतं की कुणी अठराशेवरून एका दमात साडेसहाशेवर येत नाही. दुःख कळलं म्हणून माणूस शंभर-दोनशे सोडेल, हजाराच्या वर कसे सोडेल? मी म्हणालो, "का? साडेसहाशेच का?" ते म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ." मी म्हणालो, सांगितल्याशिवाय उठणार नाही. आणि खरोखर उठलो नाही. त्यांनी चहा मागवला, तो आला, गार झाला.

"वहिनी आदल्या दिवशी येऊन जायच्या," अखेर ते म्हणाले.

पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेपासून. पहिल्या खेपेला मी भावावरून याच दुकानातून तणतणत उठलो होतो आणि दुसरीकडून स्वस्तातल्या जाड काचा करून आणल्या होत्या. कारखान्यात मला 'भिंग' म्हणायला लागले. घरी येऊन मी काही बोललो नव्हतो. पण जेवताना चष्मा काढून ठेवायला लागलो होतो, ते तिनं बघितलं असणार. पुढच्या खेपेला ती एकटी लोणावळ्याला आली. आठवड्याच्या शेवटी ती बंगल्यांवर पाहुण्यांसाठी भाकऱ्या करायला जायची. ते पैसे तिचे. त्यातून तिनं वरचे पैसे मालकांकडे आधीच ठेवले, फ्रेमही ठरवून गेली. सांगून गेली की ह्यांना बाराशे सांगा, दारापर्यंत जाऊ द्या, मग साडेसहाशेला द्या. "त्येंला जिंकल्याबिगर चष्मा लागायचा न्हाई," असं म्हणाली म्हणे.

मागच्या वेळचा चष्मा खरा पंधराशेचा होता.

मी विचारलं, "आणि त्या नापास केलेल्या फ्रेमा?"

मालक पहिल्यांदा जरा हसले. "त्या मी कुठल्याही काढून द्यायचो. ठरलेली सहावी."

म्हणजे मी चष्मा काढून बसायचो आणि माझ्यासमोर दोघं सरळ नाटक करायची. मला दिसत नव्हतं म्हणूनच ते चालत होतं. मला दिसलं असतं तर तिला हसू लपवता आलं नसतं, हे मी तिला ओळखतो म्हणून सांगतो. आणि मी कँटीनमध्ये, गावात, तिच्या माहेरी जाऊन आपलीच टिमकी वाजवत होतो, तेव्हा ती शेजारी बसून भाजी निवडत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण तिनं स्वतःची नव्हे, माझी मूठ झाकून धरली होती.

मग आमची उलटी घासाघीस झाली. ते साडेसहाशेच घेईन म्हणत होते, मी अठराशेच देईन म्हणत होतो. ते बाराशेपर्यंत आले. मी सवयीनं उठून दारापर्यंत गेलो. मध्ये पडायला कुणी नव्हतं, म्हणून मीच परत फिरलो. शेवटी मी अठराशे त्यांच्या काउंटरवर ठेवले. फ्रेम त्यांनीच काढून दिली. मी जुना चष्मा काढून ती चढवली, आरशात ढग बघितला आणि विचारलं, "कसा दिसतो?" ते म्हणाले, "चांगला दिसतो, भाऊ." खरंच सांगितलं असेल त्यांनी. पण मला ते कळेना.

चार दिवसांनी चष्मा घेऊन आलो. दिसायला उत्तम दिसतं. गाडीच्या खिडकीतून डोंगरावरच्या बंगल्यांची कौलं वेगवेगळी दिसली. तांदळातले खडे आता झाडून सापडतात. मुलीला फोनवर किंमत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अठराशे दिले? तुम्हाला बरं आहे ना?" बरं आहे म्हणालो. बाकीचं अजून तिला सांगितलेलं नाही.

पण त्या दिवसापासून बायकोचा राग धरून बसलोय. मला भांडायचंय तिच्याशी. मला मूर्ख बनवलंस, भाकऱ्या भाजून हात पोळवून घेतलेस ते काय यासाठी, असं ओरडायचंय. तिनं एकदा तरी सांगायला हवं होतं. मी भडकलो असतो, ताट सरकवून उठलो असतो, दोन दिवस तिच्याशी एक शब्द बोललो नसतो. ती घरात भांडी आपटत हिंडली असती. तिसऱ्या दिवशी, "अवो, मीठ कसं झालंय?" म्हणून तिनंच विचारलं असतं आणि सगळं मिटलं असतं. दुसरं काही मागत नाही मी. ती घरात असताना, तिच्यावर रुसून काढायचे ते दोन दिवस मला हवे होते.