एलादिओची आठवी वाट

आमच्या पेन्यालोबाच्या डोंगरात सायकली घेऊन येणाऱ्या लोकांना मी गेली पंधरा वर्षं तोंड देते आहे. चौकातला बार माझा. चिखलाने भरलेले बूट घालून आत येतात, टोमॅटो चोळलेला पाव आणि कॉफी मागतात, आणि मग एकमेकांना सांगत बसतात की इथल्या वाटा कशा आपोआप चाकाखाली येतात. आपोआप काही येत नाही. मी एक-दोनदा फडकं आपटून म्हटलंसुद्धा, की बाबांनो, या वाटा एलादिओने केल्यात. मग ते कोण एलादिओ म्हणून विचारायचे आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवायचे. टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला एक बुटका म्हातारा त्यांच्याकडे बघून मान लववायचा. त्याला सायकल चालवता येत नव्हती.

एलादिओ खेचरवाला. त्याचा बाप खेचरवाला, आजाही तोच. आमच्याकडे बुचाच्या झाडांची साल, जिची बाटल्यांची बुचं होतात ती, नऊ वर्षांतून एकदा काढतात. उन्हाळ्यात कुऱ्हाडवाले साल सोलून ढीग लावतात आणि ते ढीग खाली आणायला ट्रक चालत नाही, खेचरच लागतं. सालीचा भार दोन्ही अंगांना चांगला हातभर बाहेर येतो, म्हणून वाटेवरच्या फांद्या तेवढ्या रुंदीने छाटाव्या लागतात. शिवाय लादलेलं खेचर सरळ चढ कधी घेत नाही. ते वळसे घेत, दमाने, पाय ठरेल तिथूनच जातं. सायकलवाल्याला नेमकं हेच हवं असतं. हे पहिल्यांदा ओळखलं आमच्या शाळेच्या बाईंनी, इसाउराने. ती स्वतः रविवारी सायकल घेऊन रानात शिरायची आणि अंगभर ओरखडे घेऊन परत यायची.

एक दिवस ती माझ्या बारमध्ये त्याच्यासमोर येऊन बसली.

"एलादिओ काका, तुमच्या वाटा मला द्या."

"माझ्या खिशात आहेत का वाटा? जा की."

"बुजल्यात सगळ्या. तुम्ही उघडून द्या, आम्ही रंगाच्या खुणा करतो."

"आणि त्यावरून जाणार काय, तुमची ती लोखंडी खेचरं?"

"हो. चारा मागत नाहीत."

"लाथ तरी मारतात का?"

"नाही."

"मग कसलं जनावर ते," एलादिओ म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता आणि कुदळ घेऊन तो निघाला. तोवर त्याची शेवटची दोन खेचरं विकून झाली होती आणि घरात बसून बसून बायकोची, विर्तुदेसची, बोलणी खाऊन झाली होती. काहीतरी हवंच होतं माणसाला.

अकरा हिवाळे तो त्या रानात राबला. एखाद्या वळणावर नुसताच उभा राहायचा. इसाउरा विचारायची, काका, काय बघता? तर म्हणायचा, इथे खेचर थांबायचं, का थांबायचं ते आठवतोय. मग चार हात खाली जाऊन कुदळ मारायचा, आणि पालापाचोळ्याखालून जुनी दगडी बांधणी निघायची. अशा सात वाटा त्याने उघडल्या. बुचाच्या बनातून, चेस्टनटच्या रायांतून, ओढ्याकाठून जाणाऱ्या सात वाटा, आणि इसाउराने त्यांना आकडे दिले. लांबलांबून लोक यायला लागले. माझा बार चालला तो त्याच्या जिवावर, हे मी नाकारत नाही.

पण एलादिओचा जीव होता आठव्या वाटेत.

डोंगराच्या पलीकडे लोस मोलारेस नावाची वस्ती होती, बारा घरांची. एलादिओ आणि विर्तुदेस मूळचे तिथले. त्यांची एकुलती एक मुलगी कोन्सुएलो सात वर्षांची असताना तापाने गेली, आणि वस्तीमागच्या छोट्या दफनभूमीत तिला ठेवलं. वर्षभरातच वस्ती उठली. हे दोघं इकडे आले, पोर तिकडेच राहिली. तिकडे जायला एकच वाट, ग्रुयास नावाच्या मोठ्या इस्टेटीतून जाणारी, चार किलोमीटरची. दर वर्षी एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, दोघं पहाटे निघायचे, झुडपं तोडायचे, पोरीच्या थडग्याच्या दगडाला चुना लावायचे, फुलं ठेवायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत यायचे. चाळीसच्या वर वर्षं यात खंड नाही.

इस्टेटीचा जुना मालक डॉन लेआंद्रो वारला. पुतण्यांनी इस्टेट शहरातल्या एका कंपनीला विकली, शिकारीसाठी. कंपनीने जाळी ठोकली, फाटकाला कुलूप घातलं, वर कॅमेरा बसवला. त्या नोव्हेंबरला दोघं फाटकाशी जाऊन परत आले.

इसाउरा पेटून उठली. ती म्हणाली, ही वाट लोकांची आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक चालत आलेत, कोर्टात सिद्ध करू. तिला सायकलींसाठीही ती वाट हवी होती, कारण डोंगराच्या दोन्ही बाजू त्या वाटेनेच जुळणार होत्या. विर्तुदेसने तिला तोंडावर सांगितलं, "सायकली जाऊ देत खड्ड्यात. माझी पोर पलीकडे आहे."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोन गाड्या भरून चढलो. सगळी भिस्त एलादिओवर होती. त्याच्याइतका त्या वाटेवरून चाललेला दुसरा माणूस जिवंत नव्हता. लग्नातला कोट घालून तो उभा राहिला आणि त्याने झकास सांगितलं. वाट कुठे वळते, पाणी कुठे लागतं, आजोबा कितव्या वर्षापासून जायचे, सगळं. इसाउराने माझा हात दाबला. मग कंपनीचा वकील उठला. तरुण होता, गोड बोलायचा.

"सेन्योर एलादिओ, दुसऱ्याच्या जमिनीतून जाताना तुम्ही असेच घुसायचात का?"

एलादिओचा चेहरा लाल झाला. "घुसायला मी काय चोर आहे?"

"मग?"

"विचारून जायचो. दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी माझा बाप चेस्टनटची टोपली घेऊन मालकाच्या दारात जायचा. टोपी काढून म्हणायचा, डॉन लेआंद्रो, यंदाही तुमच्या वाटेने जाऊ ना? मालक म्हणायचे, जा. बापामागे मी जायला लागलो. एक वर्ष चुकवलं नाही."

"म्हणजे मालकांच्या परवानगीने."

"अर्थात. आम्हाला रीतभात आहे."

वकील "आभारी आहे" म्हणून खाली बसला. इसाउराने माझा हात सोडला. मला तेव्हा कळलं नव्हतं, तिने नंतर जिन्यात समजावलं. परवानगी मागून चाललेली वाट कायद्याने आपली होत नाही. न विचारता गेला असता, शंभर वर्षं उर्मटासारखा तुडवत गेला असता, तर ती गावाची झाली असती. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, आमच्याकडे तो खऱ्याच्या कपाळी बसला. निकाल विरुद्ध गेला आणि वरच्या कोर्टात जायचं बळ कोणाच्यात उरलं नाही.

"मी चूक काय बोललो?" एलादिओ जिन्यात प्रत्येकाला विचारत होता. मलाही विचारलं. मला त्याचा राग आला होता, आणि रागावल्याची लाजही वाटत होती. मी म्हटलं, "काही नाही, गाडीत बस."

विर्तुदेस त्याच्याशी दोन महिने बोलली नाही. बोलली तेव्हा माझ्या बारमध्ये, चार लोकांसमोर बोलली. "तुझ्या रीतभातीने माझी पोर घालवली." एलादिओने टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. कोयता त्याने खुंटीला टांगून ठेवला. सातही वाटांवर रान परत चढायला लागलं आणि सायकलवाले माझ्याकडे तक्रार करायला लागले, जशी काही मीच माळीण.

तिसऱ्या वर्षी कंपनीने, कोणी सुचवलं देव जाणे, मोठेपणा दाखवला. ज्यांची माणसं लोस मोलारेसला पुरली आहेत त्यांनी आधी फोन करून नावं द्यावीत, एक नोव्हेंबरला दहा ते बारा या वेळेत जीपमधून नेऊन आणू. विर्तुदेसने माझ्याच बारमधून फोन लावला.

"माझं नाव देऊ नकोस," एलादिओ म्हणाला.

"का?"

"विचारून विचारूनच वाट गेली. आता परत विचारू?"

"बस मग तुझा मान कुरवाळत," ती म्हणाली, आणि तिने एकटीचं नाव दिलं.

एक नोव्हेंबरला मी दोघांना गाडीने फाटकापर्यंत नेलं. नको नको म्हणत तोही आला, आणि कुदळ-कोयता घेऊन आला. फाटकावर निकासिओ होता, आमच्याच गावचा, कंपनीने रखवालीला ठेवलेला. त्याने खाली मान घालून विर्तुदेसला जीपमध्ये बसवलं आणि घेऊन गेला. एलादिओ जाळीला पाठ लावून उभा राहिला. पावणेबाराला जीप परत आली. विर्तुदेस उतरली तेव्हा फुलं तिच्या हातातच होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"सापडली नाही मला," ती म्हणाली. तिच्या दोन्ही मनगटांवर काट्यांनी ओरबाडून रक्त आलं होतं. "भिंत पडली आहे. काटेरी झुडपांची जाळी माजली आहे माणसाएवढी. हाताने ओढून बघितली. कुठे आहे तेच कळेना, एलादिओ. माझ्या पोरीची जागा मला सापडली नाही."

एलादिओने कुदळ उचलली. टोपी काढली. "निकासिओ, मी आत जाऊ?"

निकासिओने हातातला कागद बघितला, जणू त्यावर मधल्या वेळात काही उमटलं असेल. "काका, तुमचं नाव नाही यात."

"जागा मला माहीत आहे. पाव तास पुरे."

"कॅमेरा आहे काका. माझी नोकरी जाईल. घरी चार तोंडं आहेत."

"नाही म्हणतोस?"

निकासिओ रडवेला झाला. "नाही म्हणतो काका."

उभ्या आयुष्यात एलादिओने विचारलं आणि कोणी नाही म्हटलं, असं पहिल्यांदाच झालं असावं. तो तसाच उभा राहिला, टोपी हातात धरून. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं." विर्तुदेसने त्याच्या हातातून कुदळ काढून घेतली आणि त्याचा दंड धरला. तीन वर्षांत तिने त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

गाडीत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी माझं नाव दे."

"देते," ती म्हणाली.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने तो गेला. आमच्या पेन्यालोबाच्या दफनभूमीत त्याला ठेवलं. इसाउरा आली, सायकलवाले आले, खूप आले, काहींनी त्याचं नावही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

ऑक्टोबरच्या शेवटी विर्तुदेस बारमध्ये आली आणि तिने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने नावं विचारली. विर्तुदेसने आधी स्वतःचं सांगितलं, मग एलादिओचं, पूर्ण, आडनावासकट. मी शेजारीच पेले पुसत उभी होते.