दूध उतू चाललंय

आमच्या धंद्यात किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. कापलेल्या केसांसारखे ते आपोआप पायाशी जमतात. झाडून टाकले, तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढेच!

मी घरोघरी जाऊन फेशियल-वॅक्सिंग करते. मोबाइलवर अ‍ॅप, अ‍ॅपवर बुकिंग, आणि बुकिंग आलं की पाठीवर ती अवजड बॅग घेऊन स्कूटी हिंजवडीच्या टॉवरांकडे. दोन बुकिंगांच्या मधे टेकायला कंपनीनं जागा दिलेली नाही. ती दिलीय नंदाताईंनी. हिंजवडीला लागून असलेल्या माण गावातल्या त्यांच्या घराचा ओटा हेच आमचं ऑफिस.

नंदाताई इथल्याच. शेत विकलं, खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, आणि बाळ-बाळंतिणीच्या मालिशचा हात होता म्हणून त्याही अ‍ॅपवर आल्या. आमच्यातली तिसरी संगीता. लातूरकडची, नंदाताईंची भाडेकरू, माझ्यासारखीच ब्यूटिशियन. नवरा तिकडेच, 'आज येतो, उद्या येतो' करणारा. तिची मुलगी प्राची इथं आठवीत शिकते. सासरच्यांचं एकच टुमणं, "पोरीला घेऊन परत ये, तिचं बघून टाकू." बघून टाकू म्हणजे लग्न. आठवीतल्या पोरीचं! संगीताचं काम सुटलं की प्राचीची शाळा सुटली, हे आम्हा तिघींना पक्कं माहीत होतं.

*

ड्यूटी सुरू करताना अ‍ॅप सेल्फी मागतं. बायकांसाठी सूचना असते: केस बांधलेले, हलकी लिपस्टिक, चेहरा हसरा. त्याच अ‍ॅपवर एसी दुरुस्त करणारा संतोष दाढी वाढवून, जांभई देत फोटो काढतो, तर त्याला लगेच हिरवी खूण!

नंदाताईंनी डोक्यावर पदर घेऊन फोटो काढला. अ‍ॅप म्हणे, चेहरा जुळत नाही. पुन्हा काढला, पुन्हा तेच. शेवटी त्या फोनवरच खेकसल्या, "थोबाड माजंच हाय! डोळ्यात त्याल घालून बग जरा!"

*

आता आमची एक रीत सांगते. गिऱ्हाइकाच्या दारात काही बरं दिसलं नाही, की ओट्यावर फोन लावायचा आणि विचारायचं, "दूध उतू चाललंय का?" मग ओट्यावर जी असेल तिनं उलटा फोन करून बोंब ठोकायची, "अगं, पोरगी पडली, घरी ये!" तो फोन गिऱ्हाइकासमोर स्पीकरवर घ्यायचा. पोरगी पडल्यावर कोण काय बोलणार? भांडण नाही, तमाशा नाही, बाई सुखरूप बाहेर.

आमची प्राची अशी कितीदा पडली असेल, देव जाणे. पोरीला साधं खरचटलेलंही नव्हतं!

एका दुपारी संगीताला फेशियलचं बुकिंग आलं. नाव बाईचं. दार उघडलं पुरुषानं. "वाइफ येतेच आहे, तुम्ही आत बसा," म्हणाला. संगीता आत गेली, आणि मागे कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला. घरात बाईची चप्पल नाही, कंगवा नाही, काही नाही. तिनं फोन लावला. "नंदाताई, दूध उतू चाललंय का?"

नंदाताईंनी अशी बोंब ठोकली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्या माणसानं कडी काढली. संगीता जिन्यानंच खाली पळाली. लिफ्टसाठी थांबायचं तिचं धाडस झालं नाही. ओट्यावर येऊन तिनं सगळं सांगितलं, तेव्हा मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

*

त्या माणसानं एक स्टार दिला. खाली लिहिलं, 'घरच्या कारणासाठी काम टाकून गेली.' दुसऱ्या दिवशी संगीताचा आयडी ब्लॉक!

तिनं हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून गोड आवाज, "मॅडम, तुमच्याकडून घरगुती कारणानं कॅन्सलेशन फार झाली आहेत."

म्हणजे आम्हीच केलेली युक्ती आमच्याच गळ्यात आली होती. संगीतानं सगळं खरं सांगितलं. घरात एकटा पुरुष होता, त्यानं कडी लावली.

"कस्टमरनं तुम्हाला काही केलं का, मॅडम?"

"न्हाई. करायच्या आधीच निघाले."

"त्यांनी काही केलंच नाही, मग तक्रार कशाची, मॅडम?"

फोन स्पीकरवर होता. नंदाताई एवढंच म्हणाल्या, "म्हंजी व्हायची वाट बगायची व्हय?"

*

आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. काचेची इमारत, आत गारठा. संतोषही आला होता, त्याचाही आयडी ब्लॉक झाला होता. मॅनेजरनं आमच्यासमोर त्याचा चालू केला. "तुझं ठीक आहे रे, ट्रॅफिक लागतं. आणि घर चालवायचं असतं तुला."

संतोषचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही! त्यानं बिचाऱ्यानं सांगूनही पाहिलं, "सर, माझी कॅन्सलेशन हिच्यापेक्षा जास्त आहेत." पण साहेब संगीताकडे वळले होते.

"ताई, तुम्हाला तर हवं तेव्हा काम, हवं तेव्हा घर, अशी सोय आहे. थोडे दिवस घरी बघा ना. तुमचे मिस्टर काय करतात?"

संगीता म्हणाली, "वाट बघायला लावतात, सर."

आयडी काही चालू झाला नाही.

*

बातमी लातूरला पोचायला किती वेळ? दिराचा फोन आला, "रविवारी न्यायला येतो. सामान बांधून ठेवा." प्राचीनं त्या दिवशी डब्याला हात लावला नाही.

नंदाताई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "त्या अ‍ॅपात आसं काय हाय, जे ह्या ओट्याव न्हाई? फोन हाय, हात हायेत. गिऱ्हाइकं आपल्याला वळखत्यात. आपुनच चालवू की!"

खरं सांगते, मी घाबरले. मी अजून अ‍ॅपवर होते. कळलं असतं तर माझाही आयडी गेला असता. पण समोर प्राचीचा भरलेला डबा होता. मी म्हटलं, "चालवू."

बुकिंगचा फोन संगीताकडे द्यायचं ठरलं. नियमही तिचेच. बुकिंग करणाऱ्या बाईनं स्वतः फोनवर बोलायचं. घरात नुसते पुरुष असतील तर जायचं नाही. शंका आली तर दोघींनी जायचं. आणि काम झालं की स्टार आम्ही द्यायचे, गिऱ्हाइकाला! पाणी विचारलं, एक. संडास वापरू दिला, एक. बाई घरात होती, उरलेले सगळे.

माझी एक नेहमीची गिऱ्हाईक आहे, केतकी मॅडम. आयटीवाल्या, नागपूरच्या. त्यांनी आमचा नंबर सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'मला पाच स्टार आहेत, तुम्हाला किती?'

*

रविवारी दीर आला. ओट्यावर बसला. संगीता त्याला पाणी द्यायला उठली, तेवढ्यात फोन वाजला. तो ठेवते तोवर दुसरा. मग मुठा गावाहून एका बाळंतिणीचा, नंदाताईंसाठी. दीर घसा खाकरायचा, की फोन वाजायचा.

प्राची दाराआड उभी, दप्तर छातीशी धरून.

"वहिनी, गाडीची वेळ झाली," दीर शेवटी करवादला.

नंदाताईंनी त्याच्यापुढं कप सरकवला. "च्या घ्या पावनं. वैनी कामाव हाय. तुमची गाडी चुकंल, तुमी निगा."

तो गेला. एकटाच.

*

आणि हे परवाचं. तोवर आमचा नंबर टॉवराटॉवरांतून फिरायला लागला होता. दुपारची वेळ, आम्ही तिघी ओट्यावर. फोन वाजला, संगीतानं स्पीकरवर घेतला. पुरुषाचा आवाज. "हॅलो, वाइफसाठी फेशियल हवं होतं." मग टॉवरचं नाव, फ्लॅट नंबर.

संगीताच्या मागे कडी लागली होती, तोच फ्लॅट! सुपातला नंदाताईंचा हात थांबला. मी फोन घ्यायला हात पुढं केला, तर संगीतानं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, ताठ बसली. आणि तिच्या तोंडून हेल्पलाइनचा तोच गोड आवाज निघाला.

"मॅडमना फोन देता का, सर?"

"ती येतेच आहे. तुम्ही पाठवून द्या ना कुणाला तरी."

"सॉरी सर. आमच्याकडे तुमचं रेटिंग कमी आहे."

"माझं रेटिंग? कोणी दिलं?"

"आमच्या ताईंनी, सर."

"अहो, काय चाललंय काय! मी काही केलंच नाही!"

"मग तक्रार कशाची, सर?"