चांद्याचा दोर

"सोड व दोर. पोरीचं काय काम अठी?"

पोळ्याचा दिवस होता. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली गावातले सगळे बैल, भोवती सगळं गाव. मी सोडेना, तेव्हा बाबांनी माझं एकेक बोट उचकटून आमच्या बैलाचा, चांद्याचा दोर काढून घेतला. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "पोट्टीले नांगर हाकाचा हाय वाटते!"

सत्तावन-अठ्ठावन साल असेल. महागावाकडचं आमचं खेडं. मी दहा वर्षांची. चांद्याचं शेण मी काढायची, पाणी मी दाखवायची. त्या पावसाळ्यात त्याचे खूर सडले, तर महिनाभर कडुनिंबाच्या पाण्यानं मीच धुतले. तेव्हा पोरीचा हात कोणाला नडला नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणणारीही मीच. तोरणाखालीसुद्धा मीच आणलं त्याला. दुसऱ्या कोणामागे तो येतच नव्हता.

दोर गेला धाकट्या भावाच्या हातात. सहा वर्षांचं पोर ते. शिंगं पाहून त्याला रडू फुटलं. बाबा खेकसले, "रडतं काहून पोरीवानी? धर!" त्यानं रडू गिळलं. दोघांनाही एकाच दोरानं शिकवलं बाबांनी.

मला घरी पिटाळलं. दारात मायनं आरतीचं ताट हातात दिलं. बैल दारात आला की आधी त्याचे पाय धुवायचे, मग दोर धरणाऱ्याला ओवाळायचं. म्हणजे भावाला. मी ताट खाली ठेवलं.

"नाही ओवाळत. चांद्या माहा हाय."

मायनं थोबाडीत मारली. मग तिचेच डोळे भरून आले.

"काहून व माय?"

"असंच असते, बाई."

ओवाळलं मी. दहा वर्षांची पोर, दुसरं काय करणार होते? चांद्या माझ्याकडे मान ताणत होता. माझे दोन्ही हात ताटात अडकलेले.

त्याला वीस वर्षं झाली. आता माझी मुलगी सात वर्षांची आहे. काल सासऱ्यांनी तिच्या हातातला वासराचा दोर काढून पुतण्याला दिला. ती चुलीपाशी येऊन म्हणाली, "काहून व माय?" मायचे ते दोन शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. माझीच मला शिसारी आली.

येत्या पोळ्याला दोर माझ्या लेकीच्या हातात असेल. तोरणाखाली, सगळ्या गावादेखत. ज्याला तो काढून घ्यायचा असेल, त्यानं आधी माझी बोटं उचकटावीत.