न वाचलेली पाचवी ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सात वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीत एका माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली. एका इंग्रजी शब्दामुळे गेली, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. ते खरं नाही.

मी तेव्हा नुकताच लाईन लीडर झालो होतो. शिक्षण मराठी शाळेत, मग आयटीआय. प्रत्येक मशीनवर कामाच्या सूचनांचा एक कागद लटकवलेला असतो, तो इंग्रजीत. कागद बदलला की लीडरनं तो ऑपरेटरला मराठीत समजावून सांगायचा आणि खाली ‘वाचलं, समजलं’ म्हणून त्याची सही घ्यायची. रिवाज मात्र असा की सही आधी, समजणं नंतर. शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं, समोर आठ मशीन. कोण वाचत बसतंय?

माझ्या लाईनवर लेथला परभणीकडचा एक जण होता. माझ्याच वयाचा, कंत्राटावर. कामाला चोख, बोलायला मोकळा. एके दिवशी त्याच्या मशीनचा नवा कागद आला. सहा ओळी होत्या. पाचवीत ‘डिस्कार्ड’ असा शब्द होता. टूल बदलल्यावर पहिले तीन पीस, इथपर्यंत मला कळत होतं. त्या तीन पीसचं करायचं काय, ते त्या एका शब्दात अडकलं होतं. इंजिनिअरला विचारता आलं असतं. पण महिन्याभरापूर्वीच त्याच्यासमोर मी छाती फुगवून सांगितलं होतं, “इंग्लिशचं टेन्शन नाही, सर.” मी चौथीवरून सरळ सहावीवर गेलो.

“एवढंच का, भाऊ?” त्यानं विचारलं.

“एवढंच. बाकी पहिल्यासारखंच.”

“आणा मग सही करतो. तुम्ही वाचायलेत म्हणल्यावर मी कशाला डोळे फोडून घेऊ?”

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारची सकाळ. दिघीला आमच्या घरी वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब चालू होते. “बघा हो, ही बाटली किती दिवस चालते,” बायको म्हणाली, “लीडर झालात ना आता.” मी खोकं उजेडात धरलं. बारीक अक्षरात तोच शब्द. उघडल्यावर चार आठवड्यांनी डिस्कार्ड. आजूबाजूचे सगळे शब्द ओळखीचे होते. उघडलेल्या औषधाचं महिन्यानं काय करतात? टाकून देतात. एवढं सोपं होतं ते. तरी खात्रीसाठी खाली मेडिकलवाल्याला विचारून आलो. तो हसून म्हणाला, “काका, फेकून द्यायची, दुसरं काय!”

सोमवारी मी त्या लेथवाल्याला सांगितलं, “टूल बदललं की पहिले तीन पीस रिजेक्ट मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकत जा. आजपासून.” त्यानं मान हलवली. आधीच्या नऊ दिवसांचा माल तेव्हा गोदामातच होता. निवडून काढता आला असता. त्यासाठी मला तोंड उघडावं लागलं असतं. मी ते उघडलं नाही, आणि बुधवारी गाडी भरून गेली.

टूल बदलल्यानंतरचे पहिले पीस मापात नव्हते म्हणून माल परत आला. मॅनेजर तो कागद घेऊन मशीनपाशी आले, पाचव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “इथं स्पष्ट लिहिलंय. खाली सही कोणाची?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तुम्हीच सांगा की. तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना?”

चार जण उभे होते. मी म्हणालो, “सही तर त्याचीच आहे, सर.”

तो चिडला नाही. माझं वाक्य अजून पूर्ण व्हायचंय अशा नजरेनं थोडा वेळ बघत राहिला. मग “बरं” म्हणाला आणि हातमोजे काढून मशीनवर ठेवले. दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं त्याचा गेटपास काढून घेतला.

तेव्हापासून मी दिसेल ते इंग्रजी वाचतो. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, बसमधल्या आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचना, पुढच्या टेम्पोतली खोकी. शब्द अडला की लगेच मोबाईलमध्ये शोधत नाही. आधी आजूबाजूचे शब्द बघतो, अंदाज बांधतो, मग पडताळतो. वहीत शब्दापुढे तो कुठे भेटला तेही लिहितो, म्हणजे विसरत नाही. ‘पेरिशेबल’, म्हणजे नाशवंत, द्राक्षांच्या पेटीवर भेटला. ‘लायबल’, म्हणजे जबाबदार, पार्किंगच्या पावतीवर. आता सकाळच्या बसमध्ये इंग्रजी पेपर वाचून होतो. लाईनवरची पोरं म्हणतात, “राव, तुमच्याकडून शिकावं!” कंपनीनं तर नव्या लीडरांना कागद कसा समजवायचा, हे शिकवायला मलाच उभं केलंय. मी प्रत्येक ओळ वाचायला लावतो, ऑपरेटरकडून ती वदवून घ्यायला सांगतो, मगच सही. ही शिस्त कुठून आली, असं कोणी विचारलं की मी चहाला चला म्हणतो.

खरं म्हणजे त्या दिवशी मला शब्द कमी पडलेच नव्हते. ‘मी ही ओळ सोडली होती’, हे मराठीत सांगायचं होतं.

तो लेथवाला आता रहाटणीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. मागच्या दिवाळीत एका नातेवाइकाकडे गेलो, तेव्हा त्यानंच रजिस्टर पुढे केलं. “या भाऊ,” म्हणाला, “सही करा.” मी सही केली आणि लिफ्टकडे गेलो. त्यानंतर दोनदा त्या रस्त्यानं मुद्दाम गेलो आणि गाडी न थांबवता पुढे निघून आलो.

चूक त्याची नव्हती, माझी होती, हे मला त्याला सांगायचंय, आणि तेव्हा जे चार जण उभे होते त्यांनाही. अजून सांगितलेलं नाही.