सोडलेला कागद

देवासचे आमचे ड्रॉइंगमास्तर स्वतःच्या सुरकुत्या काढताना कधी कंजुषी करत नसत. असलेल्यात चार जास्तच घालत. चित्रात त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू मात्र लग्न होऊन धारहून आल्या तशाच, काळ्याभोर अंबाड्याच्या. दर पाडव्याला ओवाळून झालं की दोघं आरशासमोर बसायची आणि मास्तर जोडीचं चित्र काढायचे. भिंत भरत गेली. मास्तर म्हातारे झाले, काकू होत्या तिथेच. राजगढच्या एका पाहुण्यांनी तर चित्राकडे बोट करून विचारलं, "मास्टरजी, ये बिटिया?"

काकू हसल्या, पण त्यांना ते लागलं. "अहो, एकदा तरी आहे तशी काढा मला."

"काढू ना. जल्दी काय आहे?"

मी नोकरीला लागल्यावरही रविवारी त्यांच्याकडे रंगवायला जायचो. जलरंगात पांढरं हवं तर तेवढा कागद कोरा सोडायचा, हा त्यांचा कायदा. "भिया, एकदा काळं भरलंस की पांढरं परत येत नाही. आधी ठरव, काय सोडायचंय." लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

गेल्या पाडव्याला काकू खूप आजारी होत्या. आरशासमोर बसवायला मीच हात दिला. "आज आहे तशी हं," त्यांनी बजावलं. मास्तरांनी मान डोलावली. चेहरा हुबेहूब उतरला, बसलेले गालसुद्धा. मग हात वर सरकला आणि सवयीनं काळा अंबाडा भरून मोकळा झाला. मास्तर ब्रश धरून नुसते बघत राहिले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "दमले मी. उद्या काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी गेलो, तर मास्तर आरशासमोर एकटेच बसलेले. नव्या कागदावर स्वतःला काढून झालं होतं, शेजारी काकूंचा चेहराही. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आत काही हललंच नाही. त्यांचंही तसंच असावं. चहा झाला, कप मी विसळून ठेवले.

"भिया, पांढरा अंबाडा केवढा दिसायचा रे तिचा?"

"अंबाडा नव्हता, मास्तर. आजारात केस कापले होते. कानापर्यंतच होते."

"असं?"

पाडव्याला त्या त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या.

"भांग?"

"डावीकडे."

मी सांगत गेलो. ते तेवढा कागद सोडत गेले.